विकत घेतलेला गेम नक्की कोणाचा? तुम्ही पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न

गेमिंगच्या बातम्यांवर मला जे मेसेज येतात ना, त्यातले निम्मे फिरून फिरून एकाच जागी येतात, की पैसे मी भरले तर गेम माझा का नाही. कोणी किंमतीबद्दल विचारतं, कोणी गेम पासबद्दल, कोणी जीटीए ६ बद्दल, पण मुळात दुखणं तेच. म्हणून सगळं एका जागी लिहून ठेवलंय. साधे प्रश्न आधी, किचकट नंतर. मतं माझी आहेत आणि ती लपवलेली नाहीत.

प्र. १. "गेम मारला" असं सगळे म्हणतात, म्हणजे नक्की काय होतं? जुने गेम आपोआप बंद पडतातच की.

आपोआप नाही पडत, बंद पाडले जातात, आणि सगळा वाद याच एका गोष्टीचा आहे.

युबिसॉफ्ट या फ्रेंच गेम कंपनीचा द क्रू घ्या. २०१४ चा रेसिंग गेम, अख्खी अमेरिका गाडीने फिरायची, एकट्यानेही खेळता यायचा पण कायम नेट लागायचं. डिसेंबर २०२३ मध्ये विक्री बंद केली, ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर (कंपनीचे कॉम्प्युटर, ज्यांच्याशी गेम नेटवरून जोडलेला असतो) बंद केले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत लोकांच्या अकाउंटमधून त्या गेमचं लायसन्सच काढून घेतलं. म्हणजे हार्ड डिस्कवर फाइल पडलीये, कपाटात डिस्क आहे, पावती आहे, आणि गेम मात्र मेला.

आता याच्या शेजारी ईए या अमेरिकन गेम कंपनीचा क्रिकेट ०७ ठेवून बघा. २००६ च्या शेवटी आला, त्यानंतर ईए ने पीसीवर एकही क्रिकेट गेम काढला नाही, दुकानात तो मिळत नाही, कंपनी त्याच्याकडे बघतही नाही. तरी आजही गावोगावी चालतोय. साताऱ्याला माझ्या मावसभावाचा पीसी होता, त्याचं साइडचं पॅनल कायम काढलेलं आणि समोर टेबल फॅन लावलेला, कारण एप्रिलमध्ये तिसाव्या ओव्हरला हमखास हँग व्हायचा. सीडीवर मार्करने "CRICKET" ऐवजी देवनागरीत "क्रिकेट ७" लिहिलेलं, तिच्यावर इतके ओरखडे की दर वेळी बनियनला पुसून घालायची. त्या गेमकडे फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचं लायसन्स होतं त्यामुळे आपल्या खेळाडूंची नावं वाकडीतिकडी यायची, तर पोरांनी स्वतः खेळाडूंच्या याद्या बदलल्या, जर्सी बनवल्या, आयपीएलच्या टीम घातल्या, आणि तो पॅच (गेममध्ये बदल करणारी फाइल) पेन ड्राइव्हवरून या गल्लीतून त्या गल्लीत गेला. आत रिची बेनॉ अजून कॉमेंट्री करतात. त्या गेमला जगायला कोणाची परवानगी लागत नाही, एवढंच त्याच्या जगण्याचं कारण आहे.

प्र. २. पण मी पैसे देऊन "खरेदी करा" दाबलं. मग तो माझाच झाला ना?

कागदावर नाही. तुम्ही घेतलंय ते लायसन्स, वापरायची परवानगी. पूर्वीच्या सीडीच्या खोक्यातल्या करारातही असंच लिहिलेलं असायचं पण तेव्हा काढून घ्यायची सोय नव्हती, आता आहे, फरक तेवढाच पडलाय आणि तो फार मोठा आहे.

कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला, १ जानेवारी २०२५ पासून लागू, की डिजिटल वस्तू विकताना हे फक्त लायसन्स आहे असं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. त्याच सुमारास स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्येही तशी ओळ यायला लागली.

पुण्या-मुंबईत भाड्याने राहिलेल्या माणसाला हे पटकन कळेल. आपला भाड्याचा करारसुद्धा लिव्ह अँड लायसन्सच असतो, घर आपलं होत नाही हे आपल्याला माहीत असतं. पण त्यात ११ महिने लिहिलेले असतात, नोटीस किती दिवसांची ते लिहिलेलं असतं, डिपॉझिट परत कधी ते लिहिलेलं असतं. गेमच्या लायसन्समध्ये शेवटची तारीखच नाही, मालक वाटेल तेव्हा कुलूप लावणार आणि डिपॉझिटही परत नाही. माझा राग लायसन्स या शब्दावर नाहीये, तारीख न सांगता "खरेदी करा" असं लिहिण्यावर आहे.

प्र. ३. मी डिस्कच घेतो. मग मी सेफ ना?

काही गेममध्ये हो, काहींमध्ये अजिबात नाही. द क्रू डिस्कवरही विकला गेला होता, काय उपयोग झाला त्याचा. डिस्कवर गेम पूर्ण आहे का, आणि तो नेटशिवाय सुरू होतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हीची उत्तरं "हो" असतील तरच तुम्ही सेफ.

निन्टेन्डोने स्विच २ या कन्सोलबरोबर (५ जून २०२५ ला आला) गेम-की कार्ड नावाचा प्रकार आणलाय. कार्ड खरं, खोकं खरं, पण आत गेम नाही, फक्त चावी आहे, गेम डाउनलोडच करायचा आणि खेळताना कार्डही घालून ठेवायचं. एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगतो, हे कार्ड तुम्ही सेकंडहँड विकू शकता, मित्राला देऊ शकता, डिजिटल कॉपीचं तसं नसतं. आणि खोक्यावर तसं लिहिलेलं असतं. पण पंधरा वर्षांनी डाउनलोडचा सर्व्हर नसेल तेव्हा ते कार्ड म्हणजे प्लास्टिकचा तुकडा. याच निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या जुन्या कन्सोलचं ऑनलाइन दुकान मार्च २०२३ मध्ये बंद केलंय त्यामुळे ही भीती काही हवेतली नाही.

ज्यांना आपल्याकडे सेकंडहँड डिस्कची सवय आहे, म्हणजे ५ हजाराचा गेम घ्यायचा, महिन्याभरात संपवायचा आणि साडेतीन हजाराला विकून टाकायचा, त्यांच्यासाठी हा विषय फक्त आठवणींचा नाही, सरळ खिशाचा आहे.

प्र. ४. स्टोअरमधून गेम काढला अशी बातमी आली की मी घाबरतो. म्हणजे माझाही जाणार का?

नाही, घाबरू नका. विक्री बंद होणं वेगळं आणि सर्व्हर बंद होणं वेगळं. फोर्झा होरायझन ४ डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून काढला, गाड्यांची आणि गाण्यांची लायसन्सं संपतात म्हणून, पण ज्यांच्याकडे होता त्यांना तो डाउनलोड करता येतो, खेळता येतो. नवीन माणसाला मिळत नाही हे वाईटच, पण जुन्याचा हिसकावला नाही.

मधला एक प्रकार आहे, गेम राहतो पण बदलतो. जीटीए ४ मधली बरीच गाणी एप्रिल २०१८ मध्ये अपडेटने काढून टाकली, दहा वर्षांचं लायसन्स संपलं म्हणून. गेममधलं व्लादिवोस्तोक एफएम हे रेडिओ स्टेशन लावून ब्रूकलिनसारख्या त्या गल्ल्यांमधून रात्री गाडी फिरवलेल्या माणसाला विचारा काय गेलं ते. गाणी बदलली की गेम तोच राहत नाही.

प्र. ५. स्टॉप किलिंग गेम्स म्हणजे काय? कंपन्यांनी कायम सर्व्हर चालवायचे का? कोणाला परवडेल?

हा गैरसमज सगळ्यात जास्त आहे. कायम सर्व्हर चालवा असं कोणीच म्हणत नाहीये. मागणी इतकीच की तुम्हाला बंद करायचाय ना, करा, पण जाताना गेम चालेल अशा अवस्थेत सोडून जा. ऑफलाइन पॅच द्या, नाहीतर लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी सोय द्या. पुढचे अपडेट नकोत, सपोर्ट नको, कॉपीराइटही तुमचाच राहू दे.

द क्रू बंद झाल्यावर एप्रिल २०२४ मध्ये रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरने ही मोहीम सुरू केली, आणि पुढे तिच्यासाठी युरोपात सह्याही जमवल्या गेल्या. युरोपातल्या कंपन्यांच्या व्हिडिओगेम्स युरोप या संघटनेचं म्हणणं असं की खासगी सर्व्हरवर गैरप्रकार आवरता येत नाहीत, लोकांच्या डेटाची जबाबदारी कोणाची हा प्रश्न येतो, आणि असे गेम बनवायचा खर्च फार वाढेल. यातलं खर्चाचं मी थोडं मान्य करतो, दहा वर्षांपूर्वीच्या गेमला आज मागे जाऊन ऑफलाइन करणं खरंच अवघड आहे, त्यात तिसऱ्याच कंपनीचं सॉफ्टवेअर गुंतलेलं असतं जे वाटून टाकायचा हक्कच त्यांना नसतो. म्हणूनच नियम पुढच्या गेमना लावा. घर बांधतानाच मागचा दरवाजा ठेवायला फार खर्च येत नाही, बांधून झाल्यावर भिंत फोडायला येतो.

प्र. ६. पण ऑनलाइन गेम सर्व्हरशिवाय चालूच शकत नाही ना?

ज्यांनी सायबर कॅफेत काउंटर स्ट्राइक १.६ खेळलाय त्यांनी तरी हे विचारू नये हो. तासाला वीस रुपये, आठ मशिन, मधे त्यांना जोडणारा एक नेटवर्कचा डबा, नेट गेलं तरी मॅच चालूच, कारण सर्व्हर त्याच खोलीत कोणाच्या तरी मशिनवर होता. एज ऑफ एम्पायर्स २ चंही तेच. ऑनलाइन म्हणजे कंपनीच्या सर्व्हरवरच, हे आपल्या डोक्यात नंतर भरवलं गेलंय.

नवीन उदाहरणंही आहेत. नॉकआउट सिटी जून २०२३ मध्ये बंद झाला, बनवणारा वेलन स्टुडिओज काही फार मोठा नाही, तरी त्यांनी जाता जाता लोकांना स्वतःचा सर्व्हर चालवता येईल अशी आवृत्ती देऊन टाकली. सिटी ऑफ हीरोज २०१२ मध्ये बंद केला होता, चाहत्यांनी तो चोरून जिवंत ठेवला, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनी एनसीसॉफ्टने त्याच चाहत्यांच्या होमकमिंग सर्व्हरला रीतसर परवानगी दिली. आणि खुद्द युबिसॉफ्टने एवढा आरडाओरडा झाल्यावर द क्रू २ ला ऑफलाइन खेळायची सोय दिली, २०२५ मध्ये. म्हणजे करायचं ठरवलं की होतं.

हजारो लोक एकाच जगात असणारे मोठे एमएमओ मात्र कठीण आहेत, तिथे सगळं जसंच्या तसं राहील असं मी म्हणणार नाही. रिकाम्या जगात फिरता आलं तरी मला चालेल.

प्र. ७. त्या सह्यांचं पुढे काय झालं? भारतातून सही करता येते का?

सही करायची मुदत ३१ जुलै २०२५ ला संपली. युरोपियन युनियनमध्ये नागरिकांनी १० लाख सह्या जमवल्या की युरोपियन कमिशनला त्यावर उत्तर द्यावं लागतं. ३ जुलैला १० लाख पार झाले, मुदत संपेपर्यंत साधारण साडेचौदा लाख, आणि तपासणीत त्यातल्या जवळपास १३ लाख खऱ्या निघाल्या. ऑनलाइन सह्यांमध्ये एवढ्या टिकतील असं मलाही वाटलं नव्हतं. जानेवारी २०२६ मध्ये त्या सादर झाल्या. कमिशनला उत्तर बंधनकारक आहे, कायदा करणं बंधनकारक नाही, हे लक्षात ठेवा. ब्रिटनमध्ये वेगळा अर्ज होता, तिथे १ लाखाच्या वर सह्या गेल्या म्हणून ३ नोव्हेंबर २०२५ ला संसदेत चर्चा झाली, पण सरकारने ग्राहक कायदा बदलायचा विचार नाही असंच सांगितलं.

सही युरोपियन युनियनच्या नागरिकालाच करता येत होती, राहतो कुठे याचा संबंध नाही. त्यामुळे जर्मनीत दहा वर्षं राहिलेला पण भारतीय पासपोर्टवाला आपला माणूस सही करू शकत नव्हता, आणि मडगावात बसलेला पोर्तुगीज पासपोर्टवाला गोंयकार करू शकत होता. पुढे असं काही परत आलं तर गोव्यातल्या मंडळींनी हे ध्यानात ठेवा.

प्र. ८. आपल्याकडे २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला ना? त्यात हे नाही का?

नाही. तो कायदा, ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केला तो, पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी घालतो, ड्रीम ११ ला पैशाच्या स्पर्धा बंद कराव्या लागल्या तो हाच. ई-स्पोर्ट्सला त्यात मान्यता आहे, ती चांगली गोष्ट. पण तुम्ही विकत घेतलेला गेम कंपनीने बंद केला तर काय, यावर त्यात काही नाही.

फसवणूक झालीये असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, १९१५. पावतीचा ईमेल आणि गेमच्या पानाचा स्क्रीनशॉट जवळ ठेवा. आपल्याकडे ग्राहक पंचायतीची एवढी जुनी परंपरा आहे, पेट्रोल पंपापासून बिल्डरपर्यंत सगळ्यांशी भांडलोय आपण, डिजिटल वस्तूंवर पण भांडायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. वकिली सल्ला मात्र मी देत नाही.

प्र. ९. पबजी सरकारने बंद केला होता. तोही "मारलेला" गेमच का?

वेगळा प्रकार. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली त्यात पबजी मोबाइल गेला, निर्णय सरकारचा होता. पुढे २ जुलै २०२१ ला पबजीवाल्या क्राफ्टन कंपनीने बीजीएमआय, म्हणजे त्याचीच भारतासाठीची आवृत्ती, आणला तेव्हा जुन्या अकाउंटचा डेटा आणायची सोय दिली होती, हे लोक विसरतात. मग जुलै २०२२ मध्ये बीजीएमआयसुद्धा स्टोअरमधून गायब, मे २०२३ मध्ये परत. खेळणाऱ्याच्या हातात काहीच नाही हे दोन्हीकडे सारखं, पण कंपनीला जाब विचारता येईल अशी ही गोष्ट नव्हती. गेम फुकट होता पण स्किन (बंदुका-कपड्यांची सजावट) विकत घेतल्या होत्या, त्यांचं काय, हे प्र. १४ मध्ये आहे.

प्र. १०. मायक्रोसॉफ्टचा गेम पास घ्यावा का? इतके गेम एवढ्याशा पैशात कुठे मिळतात?

घ्या, पण भाडं समजून घ्या. मला सबस्क्रिप्शनचा राग नाही, तिथे निदान फसवणूक नाही, महिन्याचे पैसे भरा, महिनाभर खेळा. चार दिवसांत संपणारे छोटे गेम बघायला तर उत्तमच.

अडचण अशी की सवय लागल्यावर भाडं वाढतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेत गेम पास अल्टिमेट हा सगळ्यात महागडा प्रकार महिन्याला २० डॉलरवरून थेट ३० डॉलरवर गेला, दीडपट, एका झटक्यात, आणि आपल्याकडेही वाढला. आणि यादीतून गेम निघून जातात, तुम्ही अर्ध्यात असलात तरी. जो गेम परत परत खेळणार आहात तो सेलमध्ये विकत घ्या आणि बाकीच्यांसाठी पास, असं मी करतो.

प्र. ११. ८० डॉलरचे गेम आले. तुझं मत काय?

महाग आहेत. निन्टेन्डोचा मारिओ कार्ट वर्ल्ड ८० डॉलरला आला तेव्हापासून सगळ्यांना वाटलं आता हाच भाव. मायक्रोसॉफ्टनेही द आउटर वर्ल्ड्स २ ला ८० लावले होते, लोक बोलले आणि जुलै २०२५ मध्ये ७० वर आले, म्हणजे बोलल्याने फरक पडतो.

आणि त्याच वर्षी एक्स्पिडिशन ३३ आला ५० डॉलरला, फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातल्या सँडफॉल नावाच्या छोट्या स्टुडिओचा, आणि गेम ऑफ द इयर घेऊन गेला. सिल्कसाँग २० डॉलरला आला, ॲडलेडच्या टीम चेरीचा, पहिल्या तासाला ऑनलाइन स्टोअर कोलमडली इतकी गर्दी. त्यामुळे चांगला गेम बनवायला ८० लागतातच हे मला पटत नाही. मला विचाराल तर ८० डॉलर घेणाऱ्याने निदान एवढं तरी लिहून द्यावं की हा गेम अमुक वर्षापर्यंत नक्की चालेल.

प्र. १२. ईए विकली गेली म्हणे ५५ अब्ज डॉलरला. आपल्याला काय फरक पडतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये सौदा जाहीर झाला, घेणारे म्हणजे सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी पीआयएफ, आणि सिल्व्हर लेक, ॲफिनिटी पार्टनर्स या गुंतवणूक कंपन्या. आकडा मोठा आहे पण माझी नजर त्यातल्या दुसऱ्या आकड्यावर अडकली, त्यात २० अब्ज डॉलर कर्ज आहे. घेणारा कर्ज काढून घेतो आणि ते फेडायचं कंपनीच्या कमाईतून. मग जो गेम कमी लोक खेळतात त्याचे सर्व्हर कोण चालवत ठेवणार? ईए चाच अँथम तर सौद्याच्या आधीच ठरवून १२ जानेवारी २०२६ ला बंद केला. गेम वाईट म्हणून गाजला होता, हो, पण उडायला जी मजा त्यात होती ती दुसरीकडे कुठे नाही, आणि आता ती बघायलाही मिळणार नाही.

प्र. १३. असे नियम आले तर स्टुडिओ बंद पडतील, आपल्या पोरांच्या नोकऱ्या जातील, त्याचं काय?

नोकऱ्या आत्ताही जातायत आणि त्याला हे नियम कारण नाहीत. मायक्रोसॉफ्टने ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ६८.७ अब्ज डॉलरला घेतली ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि जानेवारी २०२४ मध्ये गेमिंगमधली १,९०० माणसं कमी केली. मे २०२४ मध्ये टँगो गेमवर्क्स हा स्टुडिओ बंद केला, ज्यांचा हाय-फाय रश हा गेम सगळ्यांना आवडला होता, सुदैवाने क्राफ्टनने तो उचलला. सोनीचा कॉन्कॉर्ड बघा, २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, दोन आठवडे, मग ऑक्टोबरमध्ये स्टुडिओच बंद. सोनीने सगळ्यांचे पैसे परत केले हे मात्र मान्य करायला पाहिजे, बंद करायचाच असेल तर असं करा.

आपल्या घरची गोष्ट म्हणजे प्रिन्स ऑफ पर्शिया सँड्स ऑफ टाइमचा रिमेक. सप्टेंबर २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंचा म्हणून जाहीर झाला तेव्हा मी घरात सगळ्यांना तो ट्रेलर दाखवला होता, आईलासुद्धा, की बघ हे पुण्यात बनतंय. लोकांनी ग्राफिक्सला नावं ठेवली, तारखा पुढे गेल्या, मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये गेमच रद्द. ज्या मुलांनी त्यात वर्षं घातली त्यांच्याकडे दाखवायला काय उरलं, मला याचं फार वाईट वाटतं. मेलेल्या गेमचं दुःख फक्त खेळणाऱ्याचं नसतं, बनवणाऱ्याचंही काम त्यात पुसलं जातं.

उलट पुण्याच्याच नॉडिंग हेड्सचा राजी बघा, २०२० चा, छोट्या टीमचा, एकट्याने खेळायचा, मूळ गोष्टीला कोणाचा सर्व्हर लागत नाही. तो वीस वर्षांनी कोणीतरी उघडेल आणि चालेल. पुण्याच्याच सुपरगेमिंगचा इंडस हा पबजीसारखा बॅटल रॉयाल आहे, त्याला सर्व्हर लागणारच, आणि अशा आपल्या लहान कंपन्यांवर एकदम मोठा बोजा नको असं माझंही मत आहे. नियम करताना फुकट आणि विकत यात फरक करा, लहान-मोठ्यात फरक करा.

प्र. १४. गेम फुकट आहे पण त्यात स्किनवर पैसे घातलेत. गेम बंद झाला तर ते परत मिळतात का?

बहुतेक वेळा नाही. जवळपास सगळ्या करारांत लिहिलेलं असतं की कॉइन आणि स्किन यांना खऱ्या पैशाची किंमत नाही.

माझ्या भाच्याच्या बाबतीत झालं, नाव घेत नाही त्या गेमचं. पोरगा नववीत, वाढदिवसाला आजीने दिलेले हजार रुपये त्यात घातले, एका सोनेरी रायफलच्या स्किनसाठी. नंतर काही आठवड्यांत नोटीस, साठ दिवसांनी सर्व्हर बंद. आणि मला राग याचा आला की नोटीस लावल्यावरही आठवडाभर कॉइन विकणं चालू होतं. "मामा, मी घेतली तेव्हा त्यांना माहीत होतं का रे?" असं त्याने मला विचारलं आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटच्या दिवशी त्याने त्या रायफलचे स्क्रीनशॉट काढून ठेवले, वीस-पंचवीस, सगळ्या बाजूंनी.

म्हणून माझं म्हणणं, बंद करायचं ठरलं त्या दिवसापासून विक्री बंद, आणि शेवटच्या काही महिन्यांतली खरेदी परत. एवढं तर कोणालाही परवडतं.

प्र. १५. मी मेल्यावर माझी स्टीम लायब्ररी मुलाला देता येते का?

करारानुसार नाही, स्टीम अकाउंट दुसऱ्याच्या नावावर होत नाही, मृत्युपत्रात लिहिलं तरी. स्टीम फॅमिलीजमध्ये घरातले सहा जण लायब्ररी शेअर करू शकतात, जिवंतपणी तेवढं करून ठेवा. बाबांची रेडिओची पेटी, पुस्तकं, कॅसेटी मला मिळाल्या. माझे चारशे गेम मिळणार नाहीत कोणाला, हे मला अजून पचलेलं नाही.

प्र. १६. मग क्रॅकच (कुलूप तोडलेली फुकट कॉपी) वापरू का? ते तरी माझ्याकडे राहतं.

चालू विक्रीत असलेला गेम क्रॅक करू नका, खास करून छोट्या स्टुडिओचा, रीजनल किंमती असतात, सेल असतात, थांबा पण घ्या. साताऱ्याची ती मार्करवाली सीडी कॉपीच होती हे मी नाकारत नाही, तेव्हा आमच्याकडे ओरिजिनल मिळणारं दुकान नव्हतं आणि हातात पैसे नव्हते. आज ते कारण उरलेलं नाही.

पण जो गेम कुठेच विकत मिळत नाही त्याचं काय? अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये अभ्यास केला, तिथे २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळतच नाहीत. कायद्याने ती कॉपी चूकच आहे. आणि तरी ती करणाऱ्यांमुळेच बरेच गेम वाचलेत, ही दोन्ही वाक्यं खरी आहेत आणि मला त्यातलं एक खोडता येत नाही.

प्र. १७. जीटीए ६ प्री-ऑर्डर करू का?

नको. तारीख दोनदा हललीये, आता १९ नोव्हेंबर २०२६ सांगितलीये. डिजिटल कॉपी संपत नाही, रांग लावायची गरज नाही. गेम येऊ दे, स्टोरी मोड नेटशिवाय सुरू होतो का हे कोणीतरी वायफाय बंद करून दाखवू दे, मग घ्या. मी पण घेणार आहेच, व्हाइस सिटीत परत जायचंय मला.

प्र. १८. ठीक आहे, मी आत्ता नक्की काय करू? एवढं सगळं वाचायला वेळ नाही.

विकत घ्यायच्या आधी गेमच्या पानावर "कायम इंटरनेट आवश्यक" आहे का बघा. एकट्याने खेळायचा गेम असून हे लिहिलेलं असेल तर मी घेत नाही, कितीही आवडला तरी. स्टीमवर घेतल्यावर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, त्या दोन तासांत एकदा नेट बंद करून सुरू करून बघा. तोच गेम जीओजी या ऑनलाइन दुकानात असेल तर तिथून घ्या, तिथे ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, कोणाला न विचारता चालतो. पण तो डाउनलोड करून हार्ड डिस्कवर ठेवायचं काम तुमचं आहे, नुसतं विकत घेऊन अकाउंटमध्ये ठेवलं तर परत पहिले पाढे पंचावन्न.

प्र. १९. तुझ्या मावसभावाची ती सीडी अजून चालते का? (हा प्रश्न प्र. १ मधली गोष्ट सांगितल्यापासून खूप जणांनी विचारलाय.)

सीडी नाही चालत, मधोमध तडा गेलाय. पण तिच्यातला गेम त्याने वेळेवर कॉपी करून ठेवला होता. गणपतीत गेलो होतो तेव्हा त्याच्या मुलीने लॅपटॉपवर लावला, यंदाच्या जर्सीचा पॅच टाकलेला. वाडीत नेट नव्हतं दोन दिवस, पावसाने लाइन तुटली होती, आणि आम्ही तिघं आरती होईपर्यंत टेस्ट मॅच खेळत बसलो.